प्ले, स्टॉप, परत प्ले: लिनक्सवर गेमचा डेमो उघडत नसेल तर

“दादा, सगळा करून बघलंय, डेमो चलना नाय.” कुडाळ-सावंतवाडीकडच्या पोरांचे असे फोन वर्षातून तीनदा हमखास येतात. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाचा नेक्स्ट फेस्ट फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबरमध्ये भरतो. आठवडाभर छोट्या स्टुडिओंचे शेकडो डेमो फुकट खेळायला मिळतात. त्यातला जूनचा फेस्ट आपल्याकडे नेमका मिरगाच्या पावसात येतो. लाइट जाऊन-येऊन असते, रेंज पडवीच्या एका कोपऱ्यातच मिळते, आणि डेमो मात्र त्याच आठवड्यात बघायचे असतात.

“सगळं करून बघितलं” याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की डेमो काढून परत उतरवला. ते करून भागलं नाही तर अख्खं लिनक्स नव्याने टाकलं. म्हणजे सगळ्यात महागडा उपाय सगळ्यात आधी. दिवसाचा दोन जीबी डेटा त्यातच संपतो आणि बिघाड होता तिथेच राहतो. म्हणून खालच्या तपासण्यांचा क्रम मी डेटाच्या हिशेबाने लावला आहे. एक एमबीही न लागणाऱ्या तपासण्या आधी, थोडा डेटा खाणाऱ्या मग, आणि पैसे खाणाऱ्या शेवटी.

कमांड आणि मेन्यूची नावं इथे देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायची.

लक्षणं

सगळ्यात जास्त दिसणारं लक्षण शीर्षकातच आहे. हिरवं ‘प्ले’ दाबलं की ते निळं ‘स्टॉप’ होतं, चार-पाच सेकंद काहीच घडत नाही, आणि बटण पुन्हा हिरवं. ना खिडकी उघडते, ना एरर येते. स्टीमने गेम सुरू केला आणि तो जन्मतःच मेला, असा त्याचा अर्थ.

दुसरं लक्षण म्हणजे ‘लॉन्चिंग’वर किंवा ‘प्रोसेसिंग व्हल्कन शेडर्स’वर (गेमची चित्रं काढायची पूर्वतयारी) अडकून राहणं. इथे गेम मेलेला नाही, त्याची पाळीच अजून आलेली नाही. हा फरक लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

तिसऱ्यात खिडकी काळी आणि मागे संगीत चालू, किंवा सुरुवातीच्या व्हिडिओच्या जागी नुसते रंगीत उभे पट्टे. चौथ्यात गेम चालतो, पण सेकंदाला तीन-चार फ्रेम आणि पंखा बोंबलत असतो. पाचवं लक्षण स्टीमबाहेरचं आहे: इच डॉट आयओ या छोट्या गेमांच्या साइटवरून झिप उतरवली, उघडली, आतल्या फाइलवर डबल क्लिक केलं, आणि काहीच झालं नाही किंवा ती टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली.

सहावं लक्षण वेगळ्या जातीचं. गेम सुरू होताच अख्खं मशीन गोठतं किंवा फटकन बंद पडतं. तुमचं हे असेल तर मधलं काही करत बसू नका, थेट शेवटच्या भागाकडे जा.

नेट बंद ठेवूनही होतील अशा तपासण्या

सगळ्यात आधी स्टीममधून खरोखर बाहेर पडा. खिडकीची फुली दाबली म्हणजे स्टीम बंद होत नाही, ते खाली ट्रेमध्ये बसून राहतं. ‘एक्झिट’ निवडा, नाहीतर सरळ मशीन रीस्टार्ट करा. आधीचा डेमो बंद करताना त्याची एखादी प्रक्रिया मागे लोंबकळत राहिली असेल तर पुढची सुरुवात अडते. उपाय बाळबोध वाटेल, पण दुसऱ्या लक्षणातले बरेच जण इथेच सुटतात.

मग डेमोवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा आणि ‘लॉन्च ऑप्शन्स’च्या चौकटीत काय आहे ते बघा. तिथे काहीही असेल तर कुठे तरी लिहून ठेवून ती पूर्ण रिकामी करा. प्ले-स्टॉप-प्लेचं माझ्या पाहण्यातलं पहिल्या क्रमांकाचं कारण हेच आहे. कुणीतरी सांगितलेलं असतं की ‘गेममोडरन %कमांड%’ लिही, गेम पळेल. पण गेममोड हा प्रोग्रॅम मशीनवर मुळात टाकलेलाच नसतो. मग स्टीम आधी गेममोडला हाक मारतं, ओ मिळत नाही, आणि गेमपर्यंत गोष्ट जातच नाही. फ्रेम मोजून दाखवणाऱ्या मँगोहडचंही तसंच. टक्क्याचं एखादं चिन्ह गळलं तरी ऑप्शन बरोबर लागू होत नाही.

त्याच खिडकीत ‘कम्पॅटिबिलिटी’ही बघा. स्टीमच्या लेखी डेमो हा मूळ गेमपेक्षा वेगळा गेम असतो. त्याचा ॲप आयडी वेगळा, सेटिंग वेगळं, प्रोटॉनची (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या प्रोग्रॅमची) निवडही वेगळी. मूळ गेमला तुम्ही प्रोटॉनची विशिष्ट आवृत्ती नेमून दिली असेल तरी डेमोला त्याचा पत्ता नसतो. प्रोटॉनडीबी या साइटवरचे खेळणाऱ्यांचे अनुभवही बहुधा मूळ गेमबद्दलचे असतात आणि स्टीम डेक या हातातल्या कन्सोलचा ‘व्हेरिफाइड’ शिक्काही. तो शिक्का पूर्ण गेमच्या पुढच्या एखाद्या बिल्डवर बसलेला असू शकतो. तुमच्या हातातला डेमो सहा महिने जुना असेल तर त्या शिक्क्याचा भरवसा धरू नका. ‘इन्स्टॉल’ बटणच मंद दिसत असेल तर स्टीमच्या मुख्य सेटिंगमधल्या ‘कम्पॅटिबिलिटी’त बाकी सगळ्या गेमसाठी स्टीम प्ले (प्रोटॉन वापरायची सोय) चालू आहे का ते पाहा. नव्या क्लायंटमध्ये ते आधीपासून चालू असतं, जुन्यात टिक करावी लागते.

जागा बघा. होमची नव्हे फक्त, रूट पार्टिशनचीही. लिनक्स टाकताना रूटला पंचवीस-तीस जीबी दिलेले असतात आणि फ्लॅटपॅक म्हणून टाकलेले प्रोग्रॅम, जुने कर्नल (लिनक्सचा गाभा) यांनी ते भरून जातात. प्रोटॉनला प्रत्येक गेमसाठी विंडोजचं एक छोटं बिऱ्हाड मांडावं लागतं, ज्याला प्रीफिक्स म्हणतात. जागा संपली की ते अर्ध्यावर राहतं, आणि स्टीम त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

घड्याळ बघा. पावसाळ्यात डेस्कटॉप पंधरा-पंधरा दिवस बंद राहतो. मदरबोर्डवरचा बटन सेल मेलेला असेल तर मशीन चालू होताच तारीख कित्येक वर्षं मागे जाते. मग स्टीमचा सर्व्हर जे सुरक्षा प्रमाणपत्र दाखवतो ते तुमच्या मशीनच्या मते अजून जन्मलेलंच नसतं, आणि लॉगिनपासून डाउनलोडपर्यंत सगळं नाकारलं जातं. पोरं दोष देतात रेंजला. हा सेल, सीआर२०३२, घड्याळजीकडेही मिळतो. विंडोजबरोबर ड्युअल बूट असेल तर वेळ नेमकी साडेपाच तासांनी पुढे-मागे होते, कारण लिनक्स हार्डवेअरच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज भारतीय. पण तेवढ्याने सहसा डेमो अडत नाही, त्यामागे लागू नका.

चौथं लक्षण असेल तर लॅपटॉप बॅटरीवर आहे का, आणि ‘पॉवर सेव्हर’ लागला आहे का, हे पाहा. लाइट गेली की कित्येक मशीन आपोआप त्यात जातात.

आणि एक तपासणी मोबाइलवर: डेमो अजून अस्तित्वात आहे का? फेस्ट संपला की बरेच डेव्हलपर डेमो काढून घेतात. तुमच्या लायब्ररीत नाव दिसत राहतं, पण स्टोअरच्या पानावर डाउनलोडचं बटण नसतं. २०२४ पासून डेमोला स्वतःचं स्टोअर पानही असू शकतं, म्हणून मूळ गेमच्या पानावर नाही मिळाला तर नावाने वेगळा शोधा. काढून घेतलेला असेल तर तुमच्या मशीनचा काहीच दोष नाही, इथेच थांबा.

अर्धवट उतरलेलं काय आहे?

हा भाग नीट वाचा, कारण आपल्याकडचे निम्मे बिघाड इथले.

विंडोजसाठी बनवलेला डेमो लिनक्सवर चालतो तो प्रोटॉनमुळे. स्टीमची मालक कंपनी व्हॉल्व्हने तो २०१८ मध्ये आणला. आत वाइन (विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारा थर) आहे, आणि विंडोजच्या ग्राफिक्सची भाषा असलेल्या डायरेक्टएक्सच्या हाका लिनक्सवर चालणाऱ्या व्हल्कनमध्ये बदलणारे दोन दुभाषे आहेत: नऊ, दहा, अकरासाठी डीएक्सव्हीके, बारासाठी व्हीकेडी३डी-प्रोटॉन. पण प्रोटॉन स्टीमबरोबर येत नाही, पहिला विंडोज डेमो टाकता तेव्हा तो वेगळा उतरतो. त्याच्या जोडीला ‘स्टीम लिनक्स रनटाइम’ नावाचं आणखी एक पॅकेज लागतं. दोन्ही बऱ्यापैकी मोठी. म्हणजे डेमो तीनशे एमबीचा, आणि त्याच्यासोबतची वरात त्याच्याहून मोठी. हॉटस्पॉटवर डेमो उतरतो, ‘प्ले’ हिरवं होतं, तुम्ही दाबता, आणि प्रोटॉन डाउनलोडच्या रांगेत चाळीस टक्क्यांवर पडलेला असतो. म्हणून आधी ‘डाउनलोड्स’चं पान उघडा आणि रांगेत प्रोटॉन, रनटाइम किंवा ‘स्टीमवर्क्स कॉमन रीडिस्ट्रिब्युटेबल्स’ अडकलं आहे का ते पाहा. फेस्टच्या आदल्या आठवड्यात कुणाच्या तरी फायबरवर हे एकदा उतरवून ठेवलं की पुढे प्रत्येक डेमो स्वस्तात पडतो.

दुसरा प्रकार अधिक फसवा. डाउनलोड शंभर टक्के झालं, पण मध्ये किंवा शेवटी लाइट गेली. लिनक्स फाइल लगेच डिस्कवर लिहीत नाही, काही सेकंद मेमरीत धरून ठेवतं. त्या क्षणी वीज गेली तर फाइलचं नाव आणि आकार बरोबर असतो, आतला मजकूर मात्र गायब. स्टीमच्या वहीत मात्र ‘पूर्ण’ अशी नोंद झालेली असते. इथे डेमो काढून परत उतरवू नका. ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘इन्स्टॉल्ड फाइल्स’, तिथे ‘व्हेरिफाय इंटिग्रिटी’. ते डिस्कवरच्या फाइल तपासतं आणि फक्त बिघडलेले तुकडे नव्याने आणतं. तीनशे एमबीच्या ऐवजी तीन एमबीत काम होऊ शकतं.

आणि हे व्हेरिफाय प्रोटॉनवरही करता येतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. लायब्ररीच्या वरच्या फिल्टरमध्ये ‘टूल्स’वर टिक करा. प्रोटॉन आणि रनटाइम यादीत दिसतील. त्यांच्यावर राइट क्लिक करून तेच करा. एकही विंडोज डेमो उघडत नसेल, कालपर्यंत सगळे उघडत असतील, आणि मधल्या रात्री वादळ होऊन गेलं असेल, तर मी डेमोला हातही लावत नाही, आधी प्रोटॉन तपासतो.

शेडर प्रोसेसिंगवर अडकलं असेल तर ‘स्किप’ दाबा. गेम बिघडत नाही, सुरुवातीला थोडे झटके बसतात इतकंच. डेटा फारच तुटपुंजा असेल तर सेटिंगमधल्या ‘डाउनलोड्स’मध्ये शेडर प्री-कॅशिंग बंदही करता येतं. पण त्याच वाटेने व्हॉल्व्ह काही गेमचे व्हिडिओ प्रोटॉनला चालतील अशा रूपात पाठवतं. ते बंद केल्यावर व्हिडिओच्या जागी रंगीत पट्टे दिसू लागले तर चक्रावू नका, परत चालू करा.

गावात दोघा-तिघांकडे स्टीम असेल तर एक सोय सांगून ठेवतो. २०२३ पासून एकाच राउटरवरच्या दुसऱ्या मशीनमधून गेमच्या फाइल घेता येतात. दोन्हीकडे स्टीम चालू हवं आणि सेटिंगमध्ये परवानगी हवी.

इच डॉट आयओवरचे डेमो

हे बहुतेक गोडो, युनिटी किंवा रेनपाय या गेम बनवायच्या साधनांत बनवलेले असतात आणि कित्येकांना अस्सल लिनक्स बिल्ड असते. झिप उघडल्यावर ‘.एक्स८६_६४’ किंवा ‘.एसएच’ने संपणारी फाइल शोधा. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, परमिशन्स, आणि ‘प्रोग्रॅम म्हणून चालवू द्या’ या अर्थाच्या चौकटीत टिक. लिनक्स एखादी फाइल चालवायची की नाही हे तिच्या नावावरून ठरवत नाही, तिच्यावरच्या परवानगीवरून ठरवतं. डेव्हलपरने झिप विंडोजवर बांधलेली असेल तर ती परवानगी वाटेत गळते.

मित्राकडून पेनड्राइव्हवर आणला असेल तर आधी होममध्ये कॉपी करा, तिथून चालवा. पेनड्राइव्हची फॅट फाइलसिस्टिम ही परवानगी साठवूच शकत नाही. गोडोचा डेमो असेल तर शेजारची ‘.पीसीके’ फाइलही त्याच फोल्डरमध्ये हवी. झिपच्या आतून थेट डबल क्लिक करणारे इथेच अडकतात.

आणि कधी कधी दोष खरोखर बिल्डमध्येच असतो. विंडोजला मोठं ‘पी’ आणि छोटं ‘पी’ एकच, लिनक्सला दोन वेगळ्या फाइल. एकट्या डेव्हलपरने गेम विंडोजवर बनवला आणि लिनक्स बिल्ड न तपासता चढवली तर एखादं चित्र सापडत नाही आणि गेम कोसळतो. तुम्ही काही करू शकत नाही. विंडोजची झिप उतरवा, स्टीममध्ये ‘ॲड अ नॉन-स्टीम गेम’ने ती एक्सई फाइल जोडा आणि कम्पॅटिबिलिटीत प्रोटॉन निवडा. लिनक्सप्रेमींना हे कमीपणाचं वाटतं. मला वाटत नाही. न चालणाऱ्या अस्सल बिल्डपेक्षा चालणारी दुभाष्याची बरी.

प्रोटॉन बदलून पाहणं

इथून पुढे थोडा डेटा जातो. स्टीमवर लिनक्स बिल्ड असलेला डेमो मरत असेल तर प्रोटॉन लावून बघा, तो आपोआप विंडोज बिल्ड उतरवेल. प्रोटॉनवरच मरत असेल तर सध्याच्या स्थिर आवृत्तीवरून ‘एक्सपेरिमेंटल’वर जा, किंवा उलट. व्हिडिओचा घोळ असेल तर जीई-प्रोटॉन ही व्हॉल्व्हबाहेर बनवलेली आवृत्ती, जी प्रोटॉनअप-क्यूटी या छोट्या प्रोग्रॅममधून टाकता येते. त्यात व्हिडिओचे कोडेक जास्त आहेत. दोन आवृत्त्या पुरेत. एकामागून एक सात-आठ उतरवत बसण्यात अर्थ नाही, तोवर दोष दुसरीकडेच असल्याचं कळून चुकायला हवं.

पहिल्यांदा सुरू होताना लाइट गेली असेल तर प्रीफिक्स अर्धा मांडलेला राहतो आणि मग कुठलाच प्रोटॉन त्याला सरळ करू शकत नाही. ‘प्रॉपर्टीज’च्या ‘अपडेट्स’मध्ये डेमोचा ॲप आयडी दिसतो. फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल-एच दाबून लपलेले फोल्डर दाखवा, होममध्ये ‘.स्टीम’, त्यात ‘स्टीम’, ‘स्टीमॲप्स’, ‘कम्पॅटडेटा’ असं आत जा. त्या आकड्याचं फोल्डर सापडेल. ते पुसू नका, नाव बदला. तुमचा सेव्ह त्याच्या आत असू शकतो. स्टीम नवं बिऱ्हाड मांडेल. चाललं तर जुन्यातून सेव्ह काढून घ्या.

लायब्ररी विंडोजच्या डी ड्राइव्हवर ठेवली आहे का? मग बाकी काही बघू नका. प्रीफिक्समध्ये ‘सी:’ अशा नावाचे दुवे असतात आणि विंडोजला फाइलच्या नावात ‘:’ हे चिन्ह चालत नाही. शिवाय विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर ती पार्टिशन अर्धवट झोपलेल्या अवस्थेत राहते आणि लिनक्सला फक्त वाचता येते. लायब्ररी लिनक्सच्या पार्टिशनवर हलवा, एवढाच कायमचा उपाय.

उबंटूवर स्टीम ‘स्नॅप’ (उबंटूचा पॅकेजचा प्रकार) म्हणून टाकलेलं असेल तर तेही बदला. व्हॉल्व्हच्या एका डेव्हलपरनेच २०२४ च्या जानेवारीत डेब पॅकेज किंवा फ्लॅटपॅक वापरण्याचा सल्ला दिला होता.

ग्राफिक्स: खरा गुंता

स्टीमच्या ‘हेल्प’मध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडा आणि व्हिडिओ कार्डापुढे काय लिहिलंय ते वाचा. तिथे ‘एलएलव्हीएमपाइप’ दिसलं तर निदान झालं. तुमचं ग्राफिक्स कार्ड कामावरच नाही, सगळी चित्रं प्रोसेसर काढतोय. सेकंदाला तीन फ्रेम आणि पंख्याचा आक्रोश याचा अर्थ हा.

असं का होतं? एनव्हिडिया असेल तर दोन नेहमीची कारणं. एक, सिक्युअर बूट (सही नसलेले ड्रायव्हर अडवणारी सोय) चालू आहे आणि ड्रायव्हर टाकताना आलेला निळा पडदा न वाचता पुढे ढकलला. मग कर्नल तो ड्रायव्हर आत घेतच नाही. दोन, अपडेट चालू असताना लाइट गेली. ‘सुडो डीपीकेजी --कन्फिगर -ए’ ही कमांड अर्धवट राहिलेलं काम पुरं करते, डेबियन, उबंटू, मिंट तिन्हींवर. त्यानंतर रीस्टार्ट. फ्लॅटपॅकचं स्टीम असेल तर तिसरंही कारण आहे: सिस्टिमचा ड्रायव्हर पुढे गेला आणि फ्लॅटपॅकच्या आतली त्याची प्रत मागे राहिली. दोन्हींची आवृत्ती जुळावी लागते, म्हणून ‘फ्लॅटपॅक अपडेट’ चालवा.

लॅपटॉपमध्ये दोन कार्डं असतील तर गेम चुकून इंटेलवर चालतो. उबंटू-मिंटमध्ये एनव्हिडियाच्या सेटिंगमध्ये ‘प्राइम प्रोफाइल’ असतं, तिथून बदला. एएमडी असेल तर लॉन्च ऑप्शन्समध्ये ‘डीआरआय_प्राइम=१ %कमांड%’, पहिला शब्द कॅपिटलमध्ये, दुसरा छोट्या अक्षरांत.

आता जुन्या मशीनचं. आपल्याकडे मुंबईच्या ऑफिसांतून उतरलेले डेस्कटॉप खूप आहेत: चौथ्या पिढीचा इंटेल प्रोसेसर आणि वर कुणीतरी बसवून दिलेलं जीटी ७१० कार्ड. या जोडीवर नव्या प्रोटॉनने प्ले-स्टॉप-प्ले होणारच. डीएक्सव्हीकेच्या दुसऱ्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ च्या नोव्हेंबरपासून, व्हल्कन १.३ लागतं. प्रोटॉन ८ पासून पुढे तीच आवृत्ती आहे. जीटी ७१० एनव्हिडियाच्या जुन्या केपलर पिढीचं. त्याचा शेवटचा ड्रायव्हर ४७० मालिकेतला, आणि तो व्हल्कन १.२ वर थांबतो. इंटेलच्या चौथ्या पिढीपर्यंतच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये तर व्हल्कनचा आधारच अर्धवट. सहाव्या पिढीपासून, २०१५ पासून, काळजी नाही.

यावर फुकटचा उपाय आहे. कम्पॅटिबिलिटीमध्ये प्रोटॉन ७ निवडा, त्यात जुना डीएक्सव्हीके आहे. तेही नाही झालं तर लॉन्च ऑप्शन्समध्ये ‘प्रोटॉन_यूज_वाइनडी३डी=१ %कमांड%’. मग व्हल्कनला बगल देऊन काम जुन्या ओपनजीएलवरून होतं. वेग कमी मिळतो, पण पिक्सेल आर्टचा टूडी डेमो आरामात चालतो, आणि इंडी डेमोंत तेच जास्त असतात. अनरिअल ५ वर बनवलेल्या थ्रीडी डेमोचा नाद मात्र या मशीनवर सोडा. डायरेक्टएक्स बारासाठी ही पळवाट उपयोगाची नाही.

सगळं ठीक दिसतंय, नवे गेम चालतात आणि फक्त काही जुन्या धाटणीचे छोटे डेमो मरतात? मग ३२-बिट ग्राफिक्स लायब्ररी नसतील. गेम ३२-बिट असेल तर ड्रायव्हरही ३२-बिट लागतो, ६४-बिटचा चालत नाही. उबंटूवर आय३८६ (म्हणजे ३२-बिट) आर्किटेक्चर जोडून मेसाच्या व्हल्कन ड्रायव्हरची आय३८६ आवृत्ती टाका. आर्चवर मल्टिलिब चालू करून ‘लिब३२’ने सुरू होणारी पॅकेजं.

लॉग

इथवर येऊनही सुटलं नसेल तर अंदाज बांधणं थांबवा. लॉन्च ऑप्शन्समध्ये ‘प्रोटॉन_लॉग=१ %कमांड%’ लिहा, एकदा चालवा, मरू द्या. होममध्ये ‘स्टीम’ आणि ॲप आयडी अशा नावाची लॉग फाइल तयार होते. त्यात ‘एरर’च्या अर्थाच्या ओळी डझनावारी असतात आणि बहुतेक निरुपद्रवी असतात, घाबरू नका. शोधायचं ते शेवटच्या शंभरेक ओळींत. व्हल्कनच्या नावाशेजारी ‘फेल्ड’ असेल तर वरचा भाग परत वाचा. ‘इम्पोर्ट_डीएलएल’ असेल तर काहीतरी उतरलेलं नाही. ‘परमिशन डिनाइड’ असेल तर ड्राइव्ह. ‘इललीगल इन्स्ट्रक्शन’ असेल तर गेमला हवी असलेली सूचना तुमच्या प्रोसेसरमध्येच नाही. अशा सूचनांचं एव्हीएक्स२ हे कुटुंब इंटेलमध्ये २०१३ पासून आलं, त्याआधीच्या मशीनवर ते कुठल्याच सेटिंगने येणार नाही. काम झालं की तो ऑप्शन काढून टाका, नाहीतर लॉग फुगत जाऊन डिस्क भरते.

कुठे थांबायचं

डेमो तासाभराचा असतो. त्याच्यावर दोन संध्याकाळी गेल्या तर सोडून द्या आणि डेव्हलपरला कळवा. एकटा माणूस गेम बनवत असेल तर त्याला अशी चिठ्ठी सोन्यासारखी असते, फक्त “चालत नाही” एवढंच लिहू नका. सिस्टिम इन्फर्मेशनचा मजकूर, प्रोटॉनची आवृत्ती, लॉग, आणि कुठल्या क्षणी मेला ते पाठवा. ऑनलाइन डेमोत अँटी-चीट (फसवेगिरी पकडणारा प्रोग्रॅम) असेल आणि डेव्हलपरने लिनक्ससाठी ते चालू केलं नसेल तर तुमच्या बाजूने काहीही उपाय नाही. प्रयत्नही करू नका, खातं बंद होऊ शकतं.

आता सहावं लक्षण. भार येताच मशीन बंद पडत असेल तर ‘सेन्सर्स’ कमांडने तापमान बघा. पंच्याण्णव अंशांच्या पुढे जात असेल तर हीटसिंकमध्ये धूळ आहे किंवा पेस्ट सुकली आहे. समुद्रापासून जवळ असाल, मालवण-वेंगुर्ल्याच्या किनारपट्टीवर, तर खारी हवा आणि पावसाळ्याची ओल बोर्डावर हिरवट गंज चढवते. बाहेरून ब्रशने धूळ काढणं ठीक. लॅपटॉप उघडून पेस्ट बदलणं, बोर्ड धुणं, हे हार्डवेअर टेक्निशियनचं काम आहे.

‘सुडो डीमेसेज’मध्ये डिस्कच्या नावापुढे ‘आय/ओ एरर’ दिसली तर त्या क्षणी सगळं थांबवा. व्हेरिफाय नको, नवं लिनक्स नको. प्रत्येक वाचन-लेखनाने मरणारी डिस्क आणखी मरते. फोटो आणि कागदपत्रं बाहेर काढा आणि दुकान गाठा. पडद्यावर बायोसमध्येसुद्धा (लिनक्स सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये) चट्टे किंवा रेघा दिसत असतील तर बिघाड कार्डात, पडद्यात किंवा केबलमध्ये आहे. लिनक्सचा त्यात संबंध नाही. बॅटरी फुगून टचपॅड वर आला असेल, जळका वास येत असेल, तर प्लग काढा आणि परत लावू नका.

मशीनच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर कॉम्प्युटरवाल्याला नव्हे, वायरमनला बोलवा. कातळावरच्या घरांचं अर्थिंग उन्हाळ्यात जमीन सुकली की कमजोर पडतं. आणि जून-ऑक्टोबरच्या गडगडाटात नुसता मुख्य प्लग काढून भागत नाही, राउटरकडून येणारी लॅन केबलही काढा. वीज त्या तारेतूनही आत शिरते.

दुकानात मशीन देताना “विंडोज टाकून देऊ का?” असं विचारतीलच. नको म्हणा. डिस्क फॉरमॅट करायची नाही, बिघाड रॅममध्ये आहे, डिस्कमध्ये की पॉवर सप्लायमध्ये, एवढंच शोधून हवंय, असं पावतीवर लिहून घ्या. लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह सोबत न्या, म्हणजे चाचणीसाठी त्यांना तुमच्या डिस्कला हात लावावा लागणार नाही.